सटवाईला दवाखान्याचा पत्ता

बाळंतपणाच्या वॉर्डासमोर माझी औषधाची खिडकी आहे. बरीच वर्षं मी तिथं बसतोय आणि समोरून जे कानावर पडतं त्यानं रोज माझं डोकं फिरतं. इमामबी सिस्टरचं फिरत नाही. हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

आमचा सरकारी दवाखाना माजलगावच्या अलीकडं, ऐन उसाच्या पट्ट्यात. पेशंट म्हणजे बहुतेक ऊसतोड करणाऱ्यांच्या लेकी-सुना, आणि एका पेशंटमागं अर्धं गाव. सिस्टरनं विचारावं, "शेवटची पाळी कधी आली होती?" तर उत्तर येतं, "सोयाबीन काढायच्या आधी." "सोयाबीन कधी काढलं?" "पाऊस उघडल्यावर." आता यावरून बाळंतपणाची तारीख काढा! कळा देणारी पोरगी मध्येच उठून चपला शोधते आणि म्हणते, "शिस्टर, आज ऱ्हाऊ द्या, मी उद्या येते." एका सासूनं तर चक्क सांगितलं होतं, "अमावस्या उतरंस्तवर जरा धरून ठिवा." जसं काही एस.टी. थांबवायची आहे.

सगळ्यांत जास्त माझा संताप झाला होता तो एका बापावर. "पोरगं झालं तर फोन करा, पोरगी झाली तर नुसता मिस कॉल द्या," असं सांगून हा पठ्ठ्या नेकनूरच्या बाजाराला निघून गेला. सिस्टरच्या जागी मी असतो तर त्याची गचांडीच धरली असती. पोरगी झाली. तो उचलेपर्यंत इमामबीनं फोन वाजवला आणि उचलल्यावर फोन थेट लेकीच्या तोंडाशी धरला. लेक अशी काही कोकलली की तो बाजार सोडून आला. येताना पेढे होते हातात. थोडे होते, पण होते.

इमामबीचे वडील मोंढ्याजवळ ट्रक दुरुस्त करायचे. ती सांगते, "अब्बा म्हणायचे, बंद पडलेली गाडी घेऊन येणारा माणूस आधीच घाबरलेला असतो. तो काय बोलतो ते ऐकायचं, मनावर घ्यायचं नाही." मेकॅनिकच्या घरचं हे शिक्षण तिनं बाळंतिणींवर वापरलं. मला ते जमलं नसतं, आणि मी जमवायला जातही नाही.

गेल्या वर्षी वर्षाराणी नावाची पोरगी आली. दिवस भरायच्या आधीच मोकळी झाली. मुलगा. वजन दीड किलोसुद्धा नाही, अंग पिवळं पडलेलं, दूध ओढायची ताकद नाही. त्याला उबेच्या पेटीत ठेवलं. बाहेर काढलं की थोड्याच वेळात हातपाय गार पडायचे. वर्षाराणी दूध काढून द्यायची आणि इमामबी ते वाटी-चमच्यानं त्याच्या ओठाआड सोडायची.

वर्षाराणीची सासू भिवराबाई. अंगानं काटकुळी, आवाजानं भक्कम. पहिल्या दिवसापासून तिचं सुरू, "आजून किती शेकायचं त्याला?" पाचवा दिवस उजाडला तशी तिनं गाठोडंच बांधलं.

"आज पाचवी हाय. लेकरू घरी न्हेणार."

डॉक्टरांनी समजावलं. गाव डोंगरपट्ट्यात, जीपचा रस्ता, वाटेतच लेकरू गार पडून जाईल, असं स्पष्ट सांगितलं. भिवराबाई हलली नाही. "पाचवीला सटवाई घरी येती, लेकराच्या कपाळावर नशीब लिव्हती. लेकरू हितं पेटीत आन ती तिकडं घरी, मग लिव्हती कुणाच्या कपाळावर? पुजलेल्या पाट्याच्या?"

"आजी, आधी जगू तर द्या त्याला," डॉक्टर म्हणाले.

"लिव्हलंच न्हाई तर जगंल कशावर?"

डॉक्टरांना ऑपरेशनला जायचं होतं, ते गेले. शहादेव, म्हणजे लेकराचा बाप, आईसमोर मान खाली घालून उभा. वर्षाराणी भिंतीकडं तोंड करून रडत होती, तिला कुणी विचारलंच नव्हतं. मी खिडकीतून ओरडलो, "सिस्टर, सही घ्या अन् जाऊ द्या! कशाला डोकं फोडून घेता?"

"सुंदरराव," इमामबी माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुम्ही गोळ्या मोजा."

आणि ती भिवराबाईशेजारी फरशीवर फतकल मारून बसली. "भिवराबाई, तुमचा हा शहादेव कुठं झाला?"

"ह्यो? फडात. कारखान्याला गेलतो आमी. मोळी बांधता बांधता कळा आल्या."

"मग पाचवीला गावी आलता?"

"आन् कोण येऊ देतंय टोळी सोडून? थितंच कोपीत केली. पाटा न्हवता, दगूड मांडला."

"सटवाई आली?"

"आली तर! त्याबिगर ह्यो घोडा हुबा हाय का?"

"म्हणजे बघा," इमामबी म्हणाली, "परक्या मुलखातला उसाचा फड तिला सापडला. एवढ्या कोप्यांतून तुमची पाचटाची कोपी सापडली. आणि हमरस्त्यावरचा एवढा मोठा दवाखाना तिला सापडायचा नाही?"

भिवराबाईची बोटं गाठोड्याच्या गाठीशी चाळा करू लागली. तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला, "आत्याबाई, मी हितंच ऱ्हाते." वर्षाराणीचा एवढा ठाम आवाज बहुतेक तिच्या नवऱ्यानंही ऐकला नसावा.

"ऱ्हा मग," भिवराबाई म्हणाली. "पर पाटा पायजे. दगूड चालायचा न्हाई, आता काय आपुन फडात न्हाई."

पाटा कुणी आणायचा? मी! मिक्सर आल्यापासून आमचा पाटा मागच्या दाराशी पडून होता. तो धुऊन स्कूटरवर पायांत ठेवून आणला. दिवेलागणीला व्हरांड्यात पूजा मांडली. हळदकुंकू आलं, भिजवलेली हरभऱ्याची डाळ आली. आत ऑक्सिजन असल्यानं दिवा आत न्यायचा नाही, असं सिस्टरनं बजावलं. त्यावर पुन्हा भांडण.

"मग अंधारात लिव्हती कशी?"

इमामबीनं पेटीवरच्या निळ्या दिव्याकडं बोट केलं. कावीळ उतरावी म्हणून तो लावला होता. "तो रात्रभर जळतो. तुमच्या समईपेक्षा जास्त उजेड आहे."

हे मात्र भिवराबाईला पटलं. शेवटी कोरा कागद आणि पेन लागलं. इमामबीनं स्वतःच्या खिशातलं पेन काढून पेटीखाली ठेवलं आणि लेकराचा ताप लिहायला माझं घेऊन गेली. ते मला अजून परत मिळालेलं नाही.

सकाळी मी मुद्दाम कागद बघितला. कोराच. "सटवाईचं लिव्हलेलं मान्साला दिसत न्हाई," भिवराबाई माझी कीव करत म्हणाली. त्यानंतर तिनं घरी जायचं नाव काढलं नाही. पिवळेपणा उतरला. एके दुपारी लेकरू दुधासाठी असं काही किंचाळलं की मी खिडकीतून उठून बघायला गेलो. ते आईच्या अंगाला चिकटून चुटूचुटू ओढत होतं, आणि इमामबी पदरासारखा ॲप्रन डोळ्यांना लावत होती.

घरी सोडायच्या दिवशी भिवराबाईनं सगळं श्रेय सटवाईला दिलं. "तिनं वाचिवलं. तुमी तर नुसतं वजन करीत बसला होता." माझं डोकं पुन्हा फिरलं. महिनाभर सिस्टरनं चमच्यानं थेंब थेंब पाजलं, आणि हे! इमामबी म्हणाली, "खरं आहे, आजी."

पण भिवराबाई जाईना. घुटमळली. "शिस्टर, तुमची पाचवी कुठं झालती?"

"आमच्यात छट्टी असते. सहाव्या दिवशी."

भिवराबाईनं थोडा विचार केला. "म्हंजे आमच्याकडचं आवरून दुसऱ्या दिशी तुमच्याकडं येती व्हय. थकलेला आसतोय बिचारीचा हात. म्हून तर तुमच्या नशिबात आमी आलो." एवढं बोलून तिनं इमामबीच्या गालांवरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

इमामबी हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "थकलेल्या हातानं लिहिलं असेल, आजी," ती म्हणाली, "पण चांगलं लिहिलं."

हातातल्या गोळ्यांचा हिशोब चुकला, म्हणून मी पहिल्यापासून मोजायला घेतल्या.