सयाजीनं राखलेला तरवड

भांडी निम्मी घासून पूर्णिमा मोरीतून उठली. हाताला साबण तसाच. आतून झुंबरबाईंनी, तिच्या सासूनं, परत हाक मारली होती.

"पुर्णे, घटाला माळ कवा घालायची गं? ऊन डोस्क्यावर आलं की."

आज सातवी माळ. या घरात सातव्या माळेला तरवडाचीच फुलं लागतात, आणि तीही घरच्या बाईनं आपल्या हातानं तोडलेली. झेंडू चालत नाही. एरवी पूर्णिमेनं एवढा जीव टाकला नसता. पण यंदा तिचा नवरा सयाजी कोल्हापुरात दवाखान्यात नळ्या लावून पडला होता. डोक्यात रक्तस्राव झाला, तेव्हापासून त्याची वाचाच गेली होती. तिनं अंबाबाईपुढं पदर पसरला होता : एकही माळ चुकवणार नाही, माझा माणूस तेवढा माघारी दे.

सयाजी जेसीबी चालवायचा. हातकणंगल्याबाहेरच्या मुरमाड माळावर पूर्वी तरवडच तरवड असायचा. तो माळ प्लॉटसाठी त्यानंच सपाट केला. गणपतीत घरी येऊन हसत म्हणाला होता, "तुझ्या देवीचं झाड ठेवलंय बरं का, हद्दीच्या दगडापाशी. मुकादम वरडाय लागला. म्हटलं, झाड काढलं तर बायको घरात घ्यायची न्हाय मला."

"लई उपकार केलासा," ती म्हणाली होती.

शेजारच्या बनाबाईला घेऊन ती निघाली. नवरात्राची अनवाणी होती, खडी पायाला टोचत होती. लांबूनच दगडापाशी पिवळं दिसलं.

"हाय! हाय की गं बनाक्का!" ती पळत सुटली, झाडापुढं बसली, हात जोडले आणि फुलाला हात घातला. हात तिथंच थांबला.

तरवडाचं झाड हातभर लांबून कळतं. फुलांचे घसघशीत झुबके, चपटी रुंद शेंग, आणि पानाच्या बुडाशी कानाच्या आकाराचं गोल पान. इथं कान नव्हता. फुलं बारकी, जोडीजोडीनं आलेली. शेंग चवळीसारखी लांब. तिनं पान चुरगळून नाकाशी धरलं, तर उग्र वास. आणि जमीन तरी कसली? उपसलेली, भुसभुशीत, पाणी धरून बसलेली. तरवडाला कोरडा, टणक मुरूम लागतो.

"टाकळा हाय ह्यो," बनाबाई म्हणाली. "जन्मभर भाजी खाल्ली, अन् वळखता आला न्हाय तुझ्या नवऱ्याला!" म्हणाली आणि तिचं तिलाच वाईट वाटलं.

पूर्णिमेनं सगळी हद्द पालथी घातली. तारेचं कुंपण, खडीचे ढीग, एका ठिकाणी तरवडाचं वाळलेलं खोड. हिरवं काही नाही. तेवढ्यात फोन वाजला. दवाखान्यात बसलेला दीर अमरसिंह बोलत होता.

"वैनी, डॉक्टर घरच्यांस्नी बोलवत्यात. लगोलग या."

"काय म्हनत्यात?"

"या तुम्ही."

ती परत दगडापाशी, टाकळ्याजवळ आली. इतक्या मोठ्या माळावर त्यानं तिच्यासाठी एकच झाड राखलं, तेही चुकीचं. तिनं पदराची ओटी केली आणि टाकळ्याची फुलं तोडायला लागली.

"अगं, देवीला हे चालतंय व्हय?" बनाबाई म्हणाली.

"मला तरी कुठं ठावं? ह्यांनी राखलंय, एवढं ठावं हाय."

घरी झुंबरबाईंनी फुलं चिमटीत धरून बघितली. "टाकळा हाय गं."

"व्हय आत्या. तुमच्या लेकानं राखलेला."

म्हातारीनं सुई-दोरा काढला. सुईत दोरा तिला ओवता येईना, तो पूर्णिमेनं ओवून दिला, आणि दोघींनी मिळून माळ केली. फुलं मलूल व्हायला लागली होती.

माळ घटावर सोडताना पूर्णिमेला देवीच्या तोंडाकडं बघवेना. "ओळखलं न्हाय त्यांनी," ती खाली मान घालून म्हणाली, "त्यांच्यावर राग धरू नगंस."

मोरीतली भांडी तशीच राहिली. तिनं सयाजीचा धुतलेला शर्ट पिशवीत घातला. आता स्टँडवर जाऊन कोल्हापूरची एसटी धरायची आणि दवाखाना गाठायचा.