फरशीवरची विहीर

तो दिवस आठवला की अजून माझं डोकं फिरतं.

वऱ्हाड मध्यप्रांतात होता तेव्हा मी अकोल्याच्या जुन्या शहरात, मुलींच्या शाळेत ड्रॉइंग शिकवत असे. पेले आणि पेरू काढून मुली कंटाळल्या, म्हणून मी डोळ्याला फसवणारी चित्रं शिकवायला घेतली. लांबची रेघ जरा जास्तच ताणा, सावली एकाच बाजूला टाका, मग दारात उभ्या राहून एक डोळा मिटून बघा. हेडमास्तर म्हणाले, "हे गारुड्याचे खेळ कशाला?" मी तेव्हाच भडकलो होतो, आणि हट्टाला पेटलो.

एका मुलीला ते पटकन साधलं. तिचा बाप मोर्णा नदीच्या काठी भाजीपाला पिकवायचा. तिने अमरावतीला जाऊन ड्रॉइंगच्या परीक्षेला बसावं, असं माझ्या मनात होतं. बाप पोरीला परगावी पाठवायला तयार नव्हता. म्हणून तपासणीचे साहेब यायच्या दिवशी मी त्यालाही बोलावलं. म्हटलं, पोरीचा हात डोळ्यांनी बघेल तर हो म्हणेल.

तिने व्हरांड्याच्या फरशीवर खडू आणि कोळशाने विहीर काढली. दारातून पाहिलं की दगडी काठ, उतरत्या पायऱ्या, तळाशी काळं पाणी. साहेब, हेडमास्तर आणि मी पलीकडच्या बाजूला उभे होतो.

बाप वांग्यांची टोपली घेऊन आला आणि दारातच थबकला. टोपली खाली ठेवली, पायातल्या वाहाणा काढल्या, हात जोडले. मग हळूच म्हणाला, "साहेब, बूट काढा. इहिरीच्या काठावर पायात काई नसते घालत."

सगळे हसले. साहेब तर बुटांसकट चालत पाण्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. बापाला तेव्हा कळलं. त्याने टोपली उचलली, वाहाणा हातातच घेतल्या. "चाल व माय," एवढंच पोरीला म्हणाला.

साहेबांचे ते बूट आठवले की आजही माझा संताप होतो. हेडमास्तरांचं खिदळणंही मी विसरलेलो नाही. पण पोरगी जाता जाता माझ्यापाशी थांबली.

"गुरुजी, सगळ्याईच्या आधी तुमी हासले."

"चित्र जमलं म्हणून हसलो गं," मी म्हणालो. ते खरंही होतं.

"मंग माह्या बाबाले सांगा ना तसं."

बाप फाटकाशी वाहाणा घालत होता. वीस पावलं असतील. तेवढ्यात साहेबांनी मला चहाला हाक मारली, आणि मी आत गेलो.