कोणी जेवाचं राह्यलं काय भाऊ?

मंडळी, चामोर्शीच्या एका लग्नातून आत्ताच परतलो. डीजेनं डोकं उठवलं.

पंच्याऐंशीच्या सुमारास सिंदेवाहीकडच्या लग्नांत भोंगा मीच लावायचो. रेकॉर्ड बदलणं सोपं होतं. खरं काम म्हणजे कोणता मामा रुसला, कोण उपाशी बसलाय, यावर नजर ठेवणं. शेवटच्या पंगतीआधी गाणं बंद करून मी माईकवर विचारायचो, "कोणी जेवाचं राह्यलं काय भाऊ?" मगच घरचे जेवायला बसायचे.

आज डीजेवाल्याला तेवढं विचारायला सांगत होतो. तो ओरडला, "काका, ऐकू नाई येऊन राह्यलं. कोणतं गाणं लावू?"

थकलो. न जेवताच निघालो.

तुमच्याकडच्या लग्नात अजून विचारतात का? मला आज घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "जेवाचं राह्यलं काय?"