लादीन सांगणारी ब्रिजिद

ठाण्याच्या खाडीकाठच्या त्या ख्रिस्ती पाड्यात मे महिना लागला की रोज संध्याकाळी खुरसापुढे, म्हणजे चौथऱ्यावरच्या क्रुसापुढे, लादीन व्हायची. एकाने संतांची नावं पुकारायची आणि बाकीच्यांनी प्रत्येक नावाला 'ओरा प्रो नोबिस' म्हणायचं. लॅटिन कुणाला येत नव्हतं, पण 'आमच्यासाठी विनंती कर' एवढा अर्थ पोराटोरांनाही ठाऊक होता. नावं पुकारायचा मान पास्कूचा. पटकीच्या साथीत तो गेला आणि तो मान त्याच्या बायकोच्या, ब्रिजिदच्या गळ्यात पडला, कारण ऐकून ऐकून सगळी नावं तिलाच पाठ झाली होती.

मान कसला! दिवसभर मिठागरात टोपल्या वाहायच्या, घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं काढायचं आणि चूल पेटवायच्या आधी खुरसापाशी येऊन उभं राहायचं. त्या वर्षी तिचं अंगच काय, मनही थकलं होतं. तोंडाने ती संत पुकारायची, आत काही हलायचं नाही. देवाने आपल्याकडे पाठ फिरवली, असंच तिला वाटू लागलं होतं. पण थांबायची छाती नव्हती. लादीन मध्येच तुटली तर पाड्यावर अरिष्ट येतं, असं सारे मानत. साथीत नवरा गमावलेली बाई ही जोखीम कशी घेणार?

आणि एका संध्याकाळी संत अंतोनच्या नावापाशी तिचा आवाजच बसला. पुढचं नाव आठवेना. तिने चौथऱ्याचा आधार घेतला. लोक वाट बघत राहिले.

"बस गो खाली," शेजारची एमा म्हणाली. "आज मी सांगतंय."

एमा मासळी विकायची. आवाज अख्ख्या बाजाराला पुरेल असा, पण पाठांतराच्या नावाने आनंदीआनंद. तिने संत पेद्रूला दोनदा बोलावलं, कुणाकुणाला साफ वगळलं. बायका पदराआड हसू लागल्या. शेवटी तिच्याजवळचे संत संपले. पण मागे हटेल ती एमा कसली! दम घेऊन तिने पुकारलं, "आमचा पास्कू!"

सवयीने सगळा पाडा म्हणाला, "ओरा प्रो नोबिस."

चौथऱ्याला टेकून बसलेल्या ब्रिजिदच्या तोंडूनही तेच निघालं. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की पुकारणारीला हे शब्द कधी म्हणावेच लागत नाहीत. पास्कू गेल्यापासून इतकी वर्षं ती दुसऱ्यांसाठी संतांना हाका मारत होती. स्वतःसाठी विनंती अशी तिने केलीच नव्हती. ती रडली, अगदी मोकळं रडली. एमा पुन्हा पहिल्या संतापासून सुरू झाली आणि ब्रिजिद डोळे मिटून प्रत्येक नावाला म्हणत राहिली. कितीतरी दिवसांनी तिला आत निवांत वाटलं.

लादीन संपल्यावर एमाने विचारलं, "उद्या येशील ना गो पुकाराया?"

"येतंय," ब्रिजिद म्हणाली. "पन अर्धी तूच सांग. मना बी माझ्यासाठी मागाचं हाय."