एक पट्टा आणि एक वीत

आत्याच्या कारखान्याला कारखाना म्हणायचं ते केवळ तिचं मन राखायला. जिन्याखालची एक खोली, तिच्यामागे दुसरी. तीन शिलाई मशिनी, त्यातली एक कायम रुसलेली. भिंतीला चिकटवून ठेवलेलं बेतायचं लांबलचक टेबल. आणि कापडाच्या गठ्ठ्यांतून जी जागा उरेल तिच्यात माणसं. बसायला आलेल्याला आधी खुर्चीवरचं काहीतरी उचलावं लागे आणि मग ते ठेवायचं कुठे हा प्रश्न पडे. म्हणून बहुतेक जण उभ्यानेच बोलून जात.

इथे लहान मुलांचे कपडे शिवले जात. कापड नवं कधीच नसे. गिरणीत ठाणाच्या शेवटी उरलेले तुकडे, हॉटेलांनी काढून टाकलेल्या चादरी, लोकांचे जुने पडदे. रंग डाळिंबाच्या सालींचे नाहीतर कांद्याच्या टरफलांचे, बटणं करवंटीची. मानेमागे इवलंसं लेबल असे, त्यावर नाव ‘वाढतं अंग’, आणि खाली बारीक अक्षरांत: लहान झाला की परत पाठवा.

फोन सारखा वाजे. आयांचे आवाज आत्याला आता दुसऱ्या शब्दालाच ओळखू येत. एक असे ती लाडिक. “हॅलोऽऽ, वाढतं अंग का? अहो, नैसर्गिक रंग म्हणजे बाळाने चोखला तर चालेल ना? सगळंच चोखतो हो तो, काल रिमोट चोखला.” दुसरी एकदम चौकशी समिती. “जुन्या चादरी म्हणजे नेमक्या कुणाच्या?”

“हॉटेलातल्या,” आत्या सांगे. “उकळून धुतलेल्या. तुम्ही सुटीत झोपला असाल त्याच.”

की पलीकडून मागणी. बहुतेक वेळा दोन फ्रॉकची.

कपड्यांची गंमत आत होती. प्रत्येक फ्रॉकच्या, प्रत्येक चड्डीच्या आतल्या अंगाला दुमडी घातलेल्या असत, कच्च्या दोऱ्याने टाचलेल्या, आणि कडेच्या शिवणीत भरपूर कापड सोडलेलं. मूल वाढलं की एक दुमड उसवायची. घालूनधुऊन बाहेरचं कापड विटायचं, आतलं नाही. त्यामुळे दुमड उघडली की तिथे एक गडद रेघ उमटायची. कपडा लहान होऊन परत आला की आत्या तो खिडकीशी धरून रेघा बघे आणि मास्तरांना सांगे, “हे कार्टं पहिल्या वर्षी नुसतं खात बसलं, उंची सगळी नंतर घेतली.” मग त्या कपड्याची डागडुजी होई आणि तो दुसऱ्या मुलाकडे जाई.

मास्तर म्हणजे कारखान्यातले कटिंग मास्तर. वयाने आत्यापेक्षा चांगले मोठे, तरी तिला आत्याच म्हणत, कारण सगळेच म्हणत. ओठांत टाचण्या धरून बोलायची त्यांना सवय होती. त्यामुळे प, ब आणि म ही अक्षरं कामाच्या वेळात सुटीवर असत. “मापात बसत नाही” हे त्यांच्या तोंडून “आआत असत नाही” असं निघे आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नसे. पण मास्तरांनी टाचण्या काढून टाचणदाणीत खोचल्या की समजायचं, आता गंभीर बोलणं आहे.

त्या दिवशी त्यांनी टाचण्या काढल्या.

“आत्या, सहाचं काय करायचं?”

भिंतीवर खिळे होते आणि खिळ्यांना खाकी कागदाचे बेत, म्हणजे कापड कापायचे नमुने, टांगलेले होते. एक वर्षाचा, दोनचा, तीनचा, चारचा, पाचचा. पुढे भिंत. पाचच्या पुढचं ‘वाढतं अंग’ शिवत नसे. सहाचं का नाही, असं कुणी विचारलं तर आत्या ज्याला त्याला वेगळं कारण देई. एकीला सांगितलं, सहाव्या वर्षी मुलांना आवडीनिवडी फुटतात, त्या आम्हाला झेपत नाहीत. दुसरीला सांगितलं, खाकी कागद संपलाय. एका बापाला सांगितलं, “बघू.”

आता मात्र मोठ्या दुकानाच्या बाईंचा फोन आला होता. त्या ‘वाढतं अंग’साठी आख्खं कपाट द्यायला तयार होत्या, पण आठपर्यंतची मापं असतील तरच. त्यांचं बोलणं म्हणजे प्रत्येक वाक्याच्या शेवटी हनुवटी वर. “गिऱ्हाईक तुमच्याकडे तयार होतं, नि पाच पूर्ण झाली की तुम्ही त्याला हाकलता. असं कोण करतं?”

“बरोबर बोलल्या त्या,” मास्तर म्हणाले. “पोरं वाढतायत, आपणच वाढत नाही. गल्लीत सहा वर्षांची पोरं पायलीला पन्नास. एकीला उभी करा, मापं घ्या, संपलं.”

 एकीला खरंच उभं केलं होतं आत्याने, मास्तर जेवायला गेले असताना. समोरच्या घरातली मुलगी, सहाची. टेबलावर चढवलं तर हात बाजूला घेऊन इतकी शहाण्यासारखी उभी राहिली की आत्याने तिला एक करवंटीचं बटण दिलं, खाली उतरवलं आणि टेप परत गळ्यात घातली.

खिळ्यांवरचे पाचही बेत एकाच अंगाचे होते. टिटवीच्या.

टिटवी ही आत्याच्या भावाची मुलगी. भाऊ आणि वहिनी नोकरीला सातासमुद्रापार गेले तेव्हा ती कुशीतली होती. तिथे दोघांच्या पाळ्या उलटसुलट, एक घरी आलं की दुसरं बाहेर. “थोडे दिवस ठेवशील का?” दादाने विचारलं, आणि त्या थोड्या दिवसांत पोरीला दात आले, वाचा आली आणि आवाज असा काही आला की तिचं खरं नाव सगळे विसरले. तिला अंगभर फ्रॉक हवा म्हणून आत्याने पहिली चादर कापली. शेजारणीने बघून एक मागितला. धंदा सुरू झाला तो असा.

माप घ्यायची पद्धतही टिटवीमुळेच पडली. टेपने माप द्यायला ती एका जागी ठरेल तर ना. मग टेबलावर खाकी कागद पसरायचा, तिला त्याच्यावर आडवी घालायची आणि कडेकडेने पेन्सिल फिरवायची. पेन्सिल काखेजवळ आली की ती अशी किंचाळे, की जिन्यावरून जाणारा माणूस दोन पायऱ्या परत वर जाई. पाचच्या बेताला काखेशी एक वाकडी रेघ होती. मास्तर ती सरळ करायला निघाले तर आत्या म्हणाली, राहू दे. तेव्हापासून ‘वाढतं अंग’चे पाचचे सगळे फ्रॉक काखेत किंचित वाकडे होते आणि आया म्हणत, काय छान मोकळे बसतात.

मग दादा-वहिनीला मोठी जागा मिळाली आणि दोघं न्यायला आले. यात वाईट कुणाचंच नव्हतं. आईबापच ते.

जाताना घालायला आत्याने आपल्या खोलीचा पिवळा पडदा कापला. आत होत्या नव्हत्या तेवढ्या दुमडी घातल्या. मागे बांधायला पट्टा.

“पट्टा केवढा हवा?”

“माझ्याएवढा.”

आत्याने तिला टेबलावर आडवी घातली. डोकं भिंतीला, टाचा बरोबर टेबलाच्या काठावर. तेवढा पट्टा कापला. दारात वहिनी रडली, दादाने नाक शिंकरलं, काजं करायला येणाऱ्या मावशींनी तर सूरच लावला. आत्या रडली नाही. टिटवीची कॉलर सारखी करत, फोनवर आयांशी बोले त्याच आवाजात ती म्हणाली, “लहान झाला की परत पाठवायचा हं.”

जगातल्या कुठकुठल्या मुलांचे कपडे परत आले. तो आला नाही.

येणाऱ्या पुडक्यातून जरा पिवळं दिसलं की आत्या कातर घ्यायलाही थांबत नसे, दातांनीच दोरी तोडे. आणि निघे भलत्याच कुणाचा तरी झबलेवजा सदरा. दुसऱ्या कुणी कपडा ठेवून घेतला तर ती बिनदिक्कत फोन करून मागे. वहिनीला मात्र कधी विचारलं नाही. विचारायचं म्हणजे, पोर मोठी झाली का, असं विचारणं. फोनवर टिटवी दिसे, पण देश थंडीचा. हनुवटीपर्यंत स्वेटर, वर एक तोंड, तेही सतत बोलणारं. खाली केवढी झाली असेल ते कळायला मार्ग नव्हता.

मास्तरांच्या आग्रहाने तिने पाचचा बेत घेतला, चहूबाजूंनी वाढवला आणि सहाचा एक फ्रॉक शिवून पाहिला. मास्तरांनी तो हँगरला लावला. दोघांनी बघितला.

“हे सहाचं पोर नाही,” मास्तर शेवटी म्हणाले. “हे पाचचंच आहे. लग्नात जेवून आलेलं.”

आत्याने तो उसवून टाकला. दुकानाच्या बाईंना “कळवते” म्हणाली.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी फोन आला तेव्हा तिकडे उकडत होतं. वहिनीने फोन कशाला तरी टेकवून ठेवला आणि टिटवी समोर आली, आणि तिच्या अंगात पिवळं होतं.

आत्या फोनवर वाकली. तोच पडदा. दुमडी सगळ्या उघडलेल्या, रेघा एकाखाली एक. आणि फ्रॉक तिथे संपत नव्हता. खाली चौकड्यांच्या कापडाची पट्टी जोडली होती, तिच्याखाली निळी. कडेच्या शिवणी पार काठापर्यंत उसवून पुन्हा घातलेल्या. टाके असे, की एक इथे आणि दुसरा त्याच्या मामाच्या गावी.

“हसू नका वन्सं,” वहिनीचा आवाज आला. “मी जोडलंय ते. मला बटणही धड लावता येत नाही, तुम्हाला माहीत आहे.”

“हसत नाही ग.”

“पाठवणार होते परत. अगदी खोका आणून ठेवला होता. पण ही द्यायलाच तयार नाही. म्हणे, आत्या म्हणाली लहान झाला की परत. मग लहान होऊच द्यायचा नाही. झाला नाही ना लहान, बघ ना आई, झाला नाही. अशी रोज माझ्या मानगुटीवर.”

“झालाच नाहीये,” टिटवी म्हणाली. आवाज तोच होता, फक्त जरा खालून येत होता. “पट्टा पण आहे.”

आत्याने चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला. मागे मास्तर कापड मोजत होते, ते मोजायचे थांबले.

“टिटवे,” ती म्हणाली, “तू केवढी झालीस?”

“थांब.”

घरात टेप नव्हती. टिटवीने पाठीमागची गाठ सोडली, दाराला टेकून उभी राहिली आणि वहिनीला पट्टा धरायला लावला. टाचेपासून वर. पट्टा संपला, डोकं राहिलं. वहिनी वीत लावायला गेली तर हात झटकून टाकला.

“माझी वीत लावायची. माझा पट्टा आहे.” तिने स्वतःच हात मागे नेला, चाचपडली, आणि जाहीर केलं, “एक पट्टा आणि एक वीत.”

पट्टा केवढा ते आत्याला झोपेतही सांगता आलं असतं.

“आणि वीत केवढी?”

“एवढी.” टिटवीने पंजा फोनवर ठेवला. सगळा पडदा काळा झाला. आत्या बराच वेळ त्या काळ्याकडे बघत राहिली.

“त्याच्यावरून बेत नाही व्हायचा,” मागून मास्तर हळूच म्हणाले.

पिवळ्या पडद्याचा एक लांब काठ आत्याने ठेवून दिला होता, कशालाच न वापरता. तो तिने घडी करून पाकिटात घातला. वहिनीला सांगितलं, एक टोक टाचेशी धर, डोक्याशी गाठ मार. खांद्याशी एक, कमरेशी एक, गुडघ्याशी एक. दुसऱ्या टोकाने छाती घे. तेवढं मात्र परत पाठव.

तेवढं परत आलं. पुडकं हलकं होतं. आत्याने या वेळी कातर घेतली.

पट्टीवर गाठी होत्या, वहिनीच्या, कधीही सुटणार नाहीत अशा. आत्याने टेबल मोकळं केलं, डोक्याची गाठ भिंतीला लावली आणि पट्टी आडवी सरळ केली. ती काठापर्यंत गेली आणि काठावरून खाली लोंबली.

लोंबत्या तुकड्यावर आत्याने आपली वीत ठेवली. तिच्या वितीत टिटवीची वीत मावून वर तीन बोटं उरली. बोटं तिने तिथेच राहू दिली.

मास्तरांनी टाचण्या काढल्या. “कागद आणू? सहाचा?”

“सातचा,” आत्या म्हणाली. “सातची आहे ती आता.”

“आणि सहाचा?”

“तो माझ्याकडे नाही.”

“दुकानाच्या बाई विचारतील, तुमच्याकडे पोरं पाचातून थेट सातात उडी मारतात का.”

“मारतात म्हणावं.” तिने कागदाची गुंडाळी ओढली. मग थोड्या वेळाने, पेन्सिलीला टोक करता करता, “सहा त्या फ्रॉकमध्ये आहे, मास्तर. चौकड्यांच्या पट्टीत. फ्रॉक आला की काढू.”

“आणि तो कधी येणार?”

“लहान झाला की.”

मास्तरांनी हातोडी घेतली. पाचच्या खिळ्याशेजारी एक खिळा ठोकला, मोकळाच ठेवला, त्याच्यापुढे आणखी एक. मग टाचण्या ओठांत धरल्या, कोपऱ्यातलं स्टूल पायाने सरकवत आणलं आणि जिथे टेबल संपून कागद खाली वाकत होता तिथे, टिटवीच्या पायांखाली, नीट लावून दिलं.