निळ्या चिठ्ठीचा घेवडा

वनस्पतिशास्त्र विभागात तिला सगळे वहिनी म्हणत. सुरुवात केली तिच्या नवऱ्याच्या एका मित्राने. तो तिच्या आधीपासून तिथे पीएचडी करत होता. पहिल्याच दिवशी भर प्रयोगशाळेत त्याने ‘वहिनी, तुम्ही इथे कशा?’ असं विचारलं आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. बघता बघता ग्रंथपाल, कारकून, फाटकावरचा रखवालदार असे सगळे तिचे दीर होऊन बसले. एका बाईला इतके दीर म्हणजे जरा जास्तच झाले, पण तिने सगळे निभावले.

बरोबरच्या पोरांपेक्षा ती वयाने बरीच मोठी होती. लग्न, संसार, मुलाची शाळा, सासूबाईंचं आजारपण, सगळं रांगेने आलं आणि शिक्षण मागे पडत गेलं. मुलगा आपलं आपण करू लागला, तेव्हा तिने कपाटातून जुन्या गुणपत्रिका काढल्या आणि विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा दिली. पास झाली तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद झाला तो सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना. शेजारीपाजारी जो भेटेल त्याला ते सांगत सुटले, ‘आमची सूनबाई डॉक्टर होणार.’ मग कोणी गुडघेदुखीवरचं औषध विचारायला आलं की तेच घाईघाईने म्हणायचे, ‘तसली नव्हे हो. झाडांची.’

विद्यापीठाचं आवार म्हणजे एक गावच होतं. आतल्या आत बस फिरायची, आणि ती तुमच्या डोळ्यांदेखत सुटायचीच. एका सहीसाठी या टोकाच्या विभागातून त्या टोकाच्या कचेरीत जायचं, तर खिडकी नुकतीच जेवायला बंद झालेली असायची. वसतिगृहाच्या कठड्यांवर वाळत घातलेले कपडे, झाडाखाली पुस्तक उघडं ठेवून दुसरंच काही बोलत बसलेली जोडपी, छपाईयंत्रापुढे ताटकळलेले चेहरे, हे सगळं ओलांडत ती सकाळी सगळ्यात आधी विभागात हजर व्हायची. पोरांना उपकरणं लावून द्यायची, कुणाचा प्रयोग फसला तर कँटीनमध्ये नेऊन चहा पाजायची, आणि चहा संपेपर्यंत त्याचं काय चुकलं तेही त्याच्याकडूनच वदवून घ्यायची. पोरं उगाच वहिनी वहिनी करत नव्हती.

तिचा विषय होता तहान. विभागाच्या मागे एक काचघर होतं. तिथे कुंड्यांमध्ये घेवड्याचे निरनिराळे वाण लावलेले. काही कुंड्यांना पोटभर पाणी, काहींना मुद्दाम अर्धपोटी ठेवलेलं. कमी पाण्यात कोणता वाण तग धरतो ते बघायचं. रोज सकाळी प्रत्येक तहानलेली कुंडी काट्यावर ठेवायची. कालच्यापेक्षा वजन जितकं घटलं, तितकं पाणी झाडाने ओढलं असं धरायचं, आणि कुंडी ठरलेल्या वजनाला येईल एवढाच घोट द्यायचा. काम सोपं, पण एक दिवस चुकवता यायचं नाही. सण नाही, सुट्टी नाही, ताप नाही. नवरा गमतीने म्हणायचा, ‘लहानपणी आपल्या पोराचंही एवढं वजन केलं नव्हतंस.’

आणि या कुंड्यांमध्ये एक वाण निघाला हिरा. त्याला निळी चिठ्ठी लावलेली होती. बाकीचे वाण दुपारपर्यंत माना टाकायचे, हा ताठ. सकाळी काट्यावर ठेवावा तर कुंडी जडच्या जड, पाणी द्यायची गरजच नाही. म्हणजे हे झाड पाणी ओढतंच कमी, आणि तरी हिरवंगार राहतं. पोरांनी त्याचं नाव ठेवलं काटकसरी. गाईड मॅडम एरवी कौतुकाच्या बाबतीत हात आखडूनच असायच्या, पण त्यांनीही एकदा कुंडीपुढे उभं राहून ‘चांगलं आहे’ म्हटलं. त्यांच्या तोंडून एवढं आलं म्हणजे पुष्कळच होतं.

तिला याची फार गरज होती. नोंदणीची मुदत एकदा वाढवून मिळाली होती, ती या हंगामानंतर संपत होती. सोमवारी समितीपुढे सादरीकरण, ते पार पडलं की प्रबंध द्यायचा. नाही पडलं, तर इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात. रात्री जेवताना ती घरात म्हणायची, ‘माझी सगळी आशा त्या निळ्या चिठ्ठीवाल्यांवर आहे.’

अण्णा मान डोलवायचे. अण्णा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते. आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं: लांबलचक लोखंडी चावी खांद्यावर टाकून हिंडायचं आणि एकेका गल्लीचं पाणी सोडायचं, बंद करायचं. ज्या गल्लीला जेवढा वेळ ठरलेला, तेवढाच. स्वतःच्या गल्लीला त्यांनी कधी क्षणभर जास्त पाणी सोडलं नाही. सासूबाई यावरून त्यांच्याशी भांडभांड भांडल्या, शेजाऱ्यांनी बोलणं टाकलं, पण अण्णा हलले नाहीत. निवृत्तीनंतर त्यांनी एक नवीन काम अंगावर घेतलं होतं. दुपारी सुनेचा डबा घेऊन विद्यापीठात जायचं. त्या वेळी ती खालच्या वर्गांचं प्रात्यक्षिक घेत असायची. म्हणून ते काचघरात, कूलरच्या झोतात खुर्ची टाकून तिची वाट बघायचे, तिला जेवताना बघायचे आणि रिकामा डबा घेऊन परत फिरायचे. कूलरमध्ये पाणी घालायची बादली आणि पेला तिथेच पडलेला असायचा.

सादरीकरणाच्या तोंडावर अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी घराबाहेर पडायला बंदी घातली. काळा चष्मा लावून अण्णा घरात बसले, आणि डबा नवरा कामावर जाता जाता फाटकावर ठेवू लागला. दोनतीन दिवसांतच काचघरात भलतंच घडलं. निळ्या चिठ्ठीवाल्यांनी माना टाकल्या. सकाळी कुंड्या हलक्या भरू लागल्या, इतरांइतक्याच, काही तर इतरांहूनही हलक्या. तिचा जीव टांगणीला लागला. तिने काटा तपासला, दुसरा आणून तपासला. पानं उलटून कीड शोधली. एका जास्तीच्या कुंडीतलं झाड उपटून मुळं धुऊन बघितली. मुळं धडधाकट. काही म्हणजे काही सापडेना.

रात्री जेवताना अण्णांनी सहज विचारलं, “सूनबाई, निळ्यांना हल्ली पाणी कोण घालतं गं?”

तिने घास ताटात ठेवला. “हल्ली म्हणजे?”

“म्हणजे मी घालायचो ना रोज. जास्त नाही, पेल्यातलं थोडं थोडं. तू वर्गावर असायचीस. तूच म्हणालीस सगळी आशा त्यांच्यावर आहे. मग ती डोळ्यांदेखत सुकताना मी काय गंमत बघत बसू?”

ती ताटावरून उठली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. राग इतका आला होता की समोरची कुंडी उचलून खाली फेकावी. मग त्या कुंडीकडे बघून तिला हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. काटकसरी कसला, निळा घेवडा चांगला दुपारी चोरून पाणी पीत होता. आणि ती मोठी शास्त्रज्ञ, रोज सकाळी जड कुंडी बघून त्याच्या संयमाचं कौतुक करत होती. घरात आशा कशावर आहे ते जेवताना सांगितलं कोणी? तिनेच. काचघराचं दार सताड उघडं ठेवलं कोणी? तिनेच.

आत येऊन तिने अण्णांना सगळं नीट समजावून सांगितलं. काहीही लपवलं नाही, सोमवारचंही नाही. अण्णांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, “मग तू कोणाला सांगू नकोस. मी काही बोलत नाही. कुणाला कळणार आहे?”

“अण्णा,” ती म्हणाली, “तुम्ही आपल्या गल्लीला कधी जास्त पाणी सोडलंत?”

जगाशी आयुष्यभर काटेकोर राहिलेल्या माणसाने म्हातारपणी सुनेसाठी पहिल्यांदा लबाडी केली होती, आणि ती लबाडी होती हे त्यांना आत्ता कळत होतं. ते उठून भिंत चाचपत आपल्या खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी तिने मॅडमना सांगितलं. मॅडमनी आधी तिला चांगलं फैलावर घेतलं. काचघराला कुलूप का नव्हतं, माणसं आत येतातच कशी, इतक्या वर्षांत एवढंही शिकला नाहीत का. तिने सगळं ऐकून घेतलं. बोलून बोलून थकल्यावर मॅडमनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “सोमवारी हेच सांगायचं. असंच.”

आणि तिने सांगितलं. समितीच्या लांब टेबलापुढे उभं राहून, सगळे दीर मागच्या रांगेत बसलेले असताना, तिने आपला सगळ्यात सुंदर आलेख पडद्यावर दाखवला आणि म्हणाली की हा चुकीचा आहे. का चुकीचा आहे तेही सांगितलं. “पाणी घातलं कोणी?” एका सभासदाने विचारलं. “कुलूप मी लावलं नव्हतं,” तिने उत्तर दिलं, आणि त्यापुढे तिने कोणाचं नाव घेतलं नाही. असं बोलायला छाती लागते. ऐकणाऱ्यांपैकी कितीजणांकडे ती होती, ते त्यांचं त्यांना माहीत. समितीने बाहेर बसवून ठेवलं, पुन्हा आत बोलावलं आणि एक हंगाम दिला. फक्त एक, आणि तो शेवटचा.

नव्या पेरणीच्या वेळी काचघराला कुलूप आलं. किल्ल्या कोणाकडे? एक तिच्याकडे, आणि दुसरी तिने अण्णांच्या हातात ठेवली. प्रयोगशाळेत हे कळल्यावर पोरांनी डोक्याला हात लावला. “वहिनी, तुम्ही शुद्धीवर आहात ना?” एकाने तोंडावर विचारलं.

“पाण्याची शिस्त त्यांच्याइतकी कोणाला आहे?” ती म्हणाली आणि कामाला लागली.

अण्णा आता डब्याच्या बरेच आधी येऊन बसायचे. आले की दार आतून लावून घ्यायचे, आणि ती येईपर्यंत कोणाला पाऊल ठेवू द्यायचे नाहीत. एकदा खुद्द मॅडमना त्यांनी बाहेर ताटकळत ठेवलं. झाडं तहानेने वाकायला लागली, तशी त्यांनी खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसू लागले. तिने विचारलं तर म्हणाले, “बघवत नाही मला. पण तू तुझं कर.” निळ्यांनी सगळ्यांच्या आधी माना टाकल्या. घरात ती आता कशावरही आशा आहे असं बोलत नव्हती, आणि अण्णाही विचारत नव्हते.

पुढे प्रबंध पुरा झाला, पदवी मिळाली, गुडघेदुखीवाले शेजारी पुन्हा येऊ लागले. निळ्या चिठ्ठीबद्दल त्या प्रबंधात जे आहे ते खरं आहे, आणि फारसं चांगलं नाही. पण सांगायचं राहिलं ते त्या आधीचं, हंगामाच्या शेवटच्या दिवसाचं.

तहानेची मुदत संपली की सगळ्या झाडांना एकदा पाणी द्यायचं आणि कोण पुन्हा उभं राहतं ते बघायचं, अशी त्या प्रयोगाची रीत होती. तिने बादली भरून आणली आणि काचेचं माप अण्णांपुढे धरलं. “अण्णा, आज पाणी द्यायचं आहे. तुम्ही द्या. या रेघेपर्यंत.”

“मी?” अण्णांनी विचारलं. आणि माप हातात घेऊन पुन्हा, “मी देऊ?”

ते एकेका कुंडीपाशी वाकत गेले. माप डोळ्यांसमोर धरायचं, रेघ बघायची, ओतायचं. निळ्या चिठ्ठीच्या पहिल्या कुंडीपाशी ते थांबले. पानं पार लोंबली होती. माप रेघेच्या किंचित वर भरलं होतं, आणि त्यांचा हात तसाच राहिला. तिला ते दिसलं. तिला इतकं भरून आलं की घाला अण्णा, एवढंसं घाला, असं म्हणावंसं वाटलं. पण त्यांनी घातलं असतं, तर तिला ती कुंडी बाद करावी लागली असती, आणि तिने ती केली असती.

अण्णांनी मापातलं वरचं पाणी हळूच बादलीत परत सोडलं. रेघ पुन्हा पाहिली. मग ओतलं, आणि पुढच्या कुंडीकडे गेले.

सगळ्या कुंड्या झाल्यावर त्यांनी रिकामं माप तिच्या हातात दिलं, भिंतीकडची खुर्ची फिरवली, आणि झाडांकडे तोंड करून बसले.