बाबांचे दात लहान होत गेले

बाबा कासा नाक्यावरून पाड्यांकडे जीप चालवायचे. त्यांचे दात लहान होत चाललेत हे मला पहिल्यांदा एका फोटोत दिसलं. त्यांच्या भाचीच्या साखरपुड्यात ते हसत होते आणि वरचे पुढचे दात अर्धेच उरले होते, कडेला काचेसारखे आरपार दिसणारे.

"वय झालं," ते म्हणाले.

पण त्यांच्याहून म्हातारे शेजारी अजून दातांनी सुपारी फोडत होते. बाबा मात्र नागलीची भाकरी आमटीत भिजवल्याशिवाय तोंडात घालत नव्हते.

मग एका दुपारी भात खाताना दाताचा तुकडा निघाला. खडा समजून त्यांनी तो ताटाच्या कडेला ठेवला. मी उचलून पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना डहाणू रोडला नेलं.

दातांच्या डॉक्टरबाईंनी तोंडात आरसा फिरवला. वरचे दात त्यांनी आतल्या बाजूने पुन्हा पाहिले.

"काका, घशाशी आंबट येतं का?"

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. "रोजच. जेवून गाडीवर बसलो की आंबट पाणी पार तोंडात येतं. किती वर्षं झाली, आठवत नाही."

"मग काय करता?"

"काळं मंजन लावून खसाखसा घासतो. मागे पॅसेंजर असतात, वास नको."

एका घरात राहूनही मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"त्या आंबटाने दात मऊ पडतो आणि लगेच तुम्ही तो घासून काढता," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मंजन बंद. आंबट आलं की साध्या पाण्याने चूळ भरा, तासभर घासू नका. ब्रश मऊ घ्या. झिजलेलं परत येत नाही, उरलेल्यावर कॅप बसवू. पण ते नंतर. आधी पोटाच्या डॉक्टरांकडे जा. याच आठवड्यात."

पोटाच्या डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घालून तपासलं. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला जखमा होत्या, आतलं अस्तर बदलू लागलं होतं. तिथला तुकडा काढून तपासणीला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत बाबा नेहमीसारखे जीप घेऊन जात होते.

"कॅन्सर नाही," पोटाचे डॉक्टर म्हणाले आणि कागद घडी करताना पुढे म्हणाले, "अजून तरी नाही."

आता गोळ्या आहेत, संध्याकाळचं जेवण लवकर आहे, दातांवर कॅप आहेत. बाबा भाकरी चावून खातात. ठराविक काळाने दुर्बीण घालायची असते. ती तारीख जवळ आली की आमच्या घरात सगळे हळू आवाजात बोलतात.